सम्राटाचा चेहरा आणि भडोचची मूस

प्रश्न : रोमन सम्राटांची चांदीची नाणी व्यापारातून भारतात आली, असे वाचले. त्यांच्यावरच्या चित्रांचा अर्थ काय? आणि दक्षिणेत त्यांचे साठे निघतात, तसे आपल्याकडे का निघत नाहीत?
– एक वाचक, देवपूर, धुळे

उत्तर : या नाण्याचे नाव दिनारियस. भारतात त्याचे दोन प्रकार सर्वांत जास्त मिळतात. एकावर ऑगस्टसचा चेहरा, आणि मागे ढाली-भाले घेऊन उभे असलेले गायस व लुसियस. हे त्याचे नातू, त्यानेच दत्तक घेतलेले. गादी कोणाकडे जाणार, हे रोमच्या प्रजेला नाण्यातूनच कळत होते. पण दोघेही ऐन तारुण्यात वारले आणि राज्य टायबेरियसकडे गेले. दुसरे नाणे याच टायबेरियसचे. मागे राजदंड आणि डहाळी घेऊन बसलेली स्त्री आहे; ती शांतिदेवीच्या रूपातली त्याची आई लिव्हिया, असे बहुतेक मानतात.

आपल्या व्यापाऱ्यांना या भाऊबंदकीशी काय देणेघेणे! त्यांची नजर कसावर. इ. स. ६४ च्या सुमारास नीरोने नाण्याचे वजन आणि कस दोन्ही उतरवले. भारतातल्या साठ्यांत भरणा आहे तो त्याआधीच्या नाण्यांचा.

आता आपल्याकडचे. 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासग्रंथात म्हटले आहे, की भडोच बंदरात रोमन सोन्याचांदीची नाणी बदलून घेताना नफा होई. त्या काळी तिकडे आणि नाशिककडे सत्ता होती क्षत्रप नहपानाची. त्याने स्वतःची चांदीची नाणी पाडली : पुढे राजाचा चेहरा आणि ग्रीक अक्षरे, मागे बाण, वज्र, ब्राह्मी आणि खरोष्ठी लेख. एवढी चांदी आली कोठून? रोमन नाणी वितळवून, असे अनेक अभ्यासक मानतात आणि मलाही ते पटते; म्हणूनच त्यांचे साठे आपल्याकडे सहसा निघत नाहीत.

नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला १९०६ मध्ये नहपानाची तेरा हजारांहून अधिक नाणी सापडली. त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर नहपानाला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला तीन कमानींचा डोंगर आणि उज्जैन चिन्ह ठोकले आहे. वितळवण्याची तसदीही घेतली नाही! काहींवर डोंगराखालून नहपानाचे नाक अजून डोकावते. पराभव जाहीर करण्याची याहून स्वस्त रीत मला ठाऊक नाही.

तुमच्या शेतात असे काही निघाले, तर घासूनपुसून चकचकीत करू नका आणि जळगावच्या सराफाकडे मोडीतही घालू नका. निखात निधी कायदा १८७८ पासून लागू आहे. जमिनीत सापडलेला ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावाच लागतो.