वाढत्या वयातील मिथिलफेनिडेटची मात्रा

प्रश्न : मुलगा ११ वर्षांचा असून एडीएचडीसाठी मिथिलफेनिडेट घेतो. वजन वाढले, तशी मात्राही वाढवावी का?

उत्तर : एडीएचडीत, म्हणजे अवधान टिकत नाही आणि चंचलता आवरत नाही अशा विकारात, या उत्तेजक औषधाची मात्रा केवळ वजनावरून ठरत नाही, लहान मात्रेपासून आरंभ करून, लक्षणे व दुष्परिणाम पाहत ती टप्प्याटप्प्याने वाढवली जाते, आणि मूल स्थिर असल्यास वजनवाढ एवढेच कारण बदलास पुरेसे नसते. दुपारनंतरच लक्ष विखुरत असेल, तर साध्या गोळीचा परिणाम सुमारे ४ तासच टिकतो हे ध्यानात घेऊन डॉक्टरांनी आधी वेळापत्रकाचा किंवा दीर्घ परिणामाच्या गोळीचा विचार करावा. औषधाने भूक मंदावते, उंचीची वाढही किंचित रेंगाळू शकते. म्हणून दर ६ महिन्यांनी उंची, वजन, नाडी व रक्तदाब यांची नोंद अत्यावश्यक आहे, आणि तिच्याकडे होणारे दुर्लक्ष खरोखर चिंताजनक आहे.