मुंबई ते लंडन : अंतर, वेळ आणि तिकिटावरील घड्याळ

समजा, मुंबईतील एक निवृत्त गृहस्थ जानेवारी महिन्यात प्रथमच मुलीकडे लंडनला निघाले आहेत. तिकिटावर मुंबईहून प्रस्थान दुपारी १.०० आणि लंडनला आगमन सायंकाळी ५.३० असे छापलेले आहे. ‘साडेचार तासांचा तर प्रवास’ असे मानून ते मधुमेहाची औषधे मोठ्या बॅगेत ठेवतात व ती बॅग विमानाच्या मालकक्षात जाते. प्रत्यक्षात त्यांना तब्बल दहा तास औषधांविना बसावे लागते. तिकिटावरील आकडे चुकीचे नसतात; ते वाचण्याची रीत ठाऊक असणे मात्र अगत्याचे असते.

अंतर कसे मोजतात?

मुंबई व लंडन यांमधील हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. हे अंतर बृहद्वृत्तावरून मोजले जाते. पृथ्वीच्या गोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरल्यास तो ज्या रेषेत बसतो, तोच सर्वांत जवळचा मार्ग होय. विमानांना मात्र नेहमीच या रेषेवरून जाता येत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचे आकाश नागरी विमानांना बंद झाले. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपले हवाई क्षेत्र भारतीय विमानांना बंद केले. अशा वेळी वळसा पडतो व वेळ वाढतो.

जाताना अधिक, येताना कमी

मध्य अक्षांशांवर, सुमारे ९ ते १२ किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान जेट प्रवाह वाहतात. हिवाळ्यात त्यांचा जोर अधिक असतो. विमानाचा वेग ताशी ८८० किलोमीटर आणि वाऱ्याचा सरासरी वेग ८० किलोमीटर धरला, तर जाताना ताशी ८०० च्या वेगाने ९ तास लागतात. येताना ताशी ९६० च्या वेगाने साडेसात तास पुरतात. धावपट्टीपर्यंत जाणे, चढण, उतरण व प्रतीक्षा यांसाठी एक तास मिळवला, की अनुक्रमे १० व साडेआठ तास होतात.

दोन घड्याळांचा हिशोब

तिकिटावर प्रत्येक वेळ त्या त्या शहराची स्थानिक वेळ असते. हिवाळ्यात लंडन भारताच्या साडेपाच तास मागे असते. म्हणून वरील उदाहरणात दिसणाऱ्या साडेचार तासांत साडेपाच मिळवावे; उत्तर १० तास. परतताना लंडनहून रात्री ९.०० ला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी ११.०० ला मुंबई गाठली, तर दिसणाऱ्या १४ तासांतून साडेपाच वजा करावे. उत्तर साडेआठ तास. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत ब्रिटनमधील घड्याळे एक तास पुढे असतात. त्या काळात साडेपाचऐवजी साडेचार तास धरावेत.

हाच हिशोब पैशाच्या व्यवहारातही उपयोगी पडतो. लंडनमध्ये सकाळचे ९ वाजतात, तेव्हा भारतात हिवाळ्यात दुपारचे २.३० व उन्हाळ्यात १.३० झालेले असतात. पाल्याचे शुल्क अखेरच्या दिवशी पाठवू पाहणाऱ्या पालकांनी हे ध्यानात ठेवावे.

औषधे हातातील पिशवीत ठेवावीत, त्यांच्या वेळा डॉक्टरांकडून ठरवून घ्याव्यात आणि प्रवासाचा काळ घड्याळावरून नव्हे, तर प्रत्यक्ष तासांवरून मोजावा. एवढी दक्षता घेतली, तर सात हजार किलोमीटरचा प्रवास निश्चितच सुखाचा होईल.