महागाचं पेट्रोल आणि फुकटचे सल्ले

टर्बोची गाडी घेतली की आपल्याकडे दोन तऱ्हेची माणसं भेटतात. एक म्हणतात, शंभर ऑक्टेनशिवाय टाकूच नका. दुसरे म्हणतात, पेट्रोल ते पेट्रोल, प्रीमियमच्या नावाखाली सगळे लुटतात. दोघांपैकी कुणीही पेट्रोलच्या झाकणामागचं स्टिकर वाचलेलं नसतं. मी वाचलं होतं. त्यावर किमान ९५ असं छापलं होतं आणि गाडी दारात आली त्या दिवसापासून मी ९५ च टाकत आलो. पावत्या गाडीच्या खणात जपून ठेवत आलो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्यात प्रत्येकाने बोट माझ्याकडेच दाखवलं.

पावसाळ्याचे दिवस होते. साताऱ्याहून सांगलीला निघालो होतो आणि वाटेत एका पंपावर प्रीमियमची टाकी फुल केली. पंप कुठला ते लिहीत नाही. पेठ नाक्याला हायवे सोडला तोवर सगळं ठीक होतं. आष्ट्याच्या अलीकडे एका ट्रकला ओव्हरटेक करायला पाय दाबला आणि गाडीने असा झटका खाल्ला की शेजारी बसलेल्या बायकोचा हात थेट डॅशबोर्डवर गेला. पिकअप संपला, इंजिन थरथरू लागलं आणि समोर इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला.

या दिव्याबद्दल इथेच सांगतो. तो नुसता लागून राहिला तर जपून गॅरेज गाठता येतं. लुकलुकत असेल तर इंजिन मिसफायर मारतंय, म्हणजे न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतंय. तो भाग वितळला तर खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो. गाडी बाजूला घ्यायची आणि टोइंग बोलवायचं. मी तेच केलं.

सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅनर लावला. एकाहून जास्त सिलिंडरांत मिसफायर, असं निघालं. अॅडव्हायजर पोरगा नम्र होता, पण ती नम्रता पाठ केलेली. "सर, फ्युएलचा इश्यू आहे. हे वॉरंटीत बसत नाही." मी पावत्या काढून टेबलावर ठेवल्या. त्याने त्या न बघताच सरकवल्या. "सर, प्रीमियम असलं तरी आता सगळं ई-२० आहे. तुमच्या मॅन्युअलमध्ये ई-१० पर्यंतच लिहिलंय." मी म्हटलं, "मग ई-१० कुठल्या पंपावर मिळतं, तेवढं सांगा. उद्यापासून तिथेच भरतो." तो कॉम्प्युटरकडे बघत राहिला. "ते आम्ही नाही सांगू शकत सर."

या एका वाक्याचा राग माझा अजून गेलेला नाही. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मी घालायला सांगितलं नव्हतं. देशात ते २०२५ मध्ये सगळीकडे पोचलं, मूळ ठरलेल्या २०३० च्या पाच वर्षं आधी. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय ठेवा, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ ला फेटाळली. धोरण ठरलं, ठीक आहे. इथेनॉलशी माझं वैरही नाही. कृष्णा काय किंवा राजारामबापू काय, आमच्याच पट्ट्यातले कारखाने ते बनवतात आणि ऊस घालणारे आमचेच पाहुणे आहेत. पण ग्राहकाने जे बाजारात मिळतं तेच भरलं, तर त्याचं खापर ग्राहकाच्या माथी कसं?

गाडी तिथून उचलली आणि मिरजेतल्या एका जुन्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी स्कॅनर लावला नाही. टाकीतलं पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढलं आणि बाकड्यावर ठेवलं. "पाच मिनिटं हात लावू नका," एवढंच म्हणाले. थोड्या वेळाने बाटलीत सरळ रेघ दिसायला लागली. वर पिवळसर पेट्रोल, खाली गढूळसा थर. प्रीमियमचे पैसे मोजून मी टाकीत काय भरून घेतलं होतं, ते तिथे उभं राहून दिसलं. मनात जे आलं ते इथे छापता येणार नाही.

यामागचं गणित असं आहे. साध्या पेट्रोलमध्ये पाणी शिरलं तर ते तळाशी जाऊन बसतं. इथेनॉल मात्र पाण्याला आपल्यात ओढून घेतं. लिटरमागे काही मिलिलिटरपर्यंत ते पाणी विरघळून राहतं आणि कुणाला कळतही नाही. मर्यादा ओलांडली, किंवा गारठ्याने पेट्रोल थंड झालं, की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडतं आणि पाण्याबरोबर खाली उतरतं. इंजिनला आधी तो खालचा थर मिळतो, कारण टाकीतला पंप तळातून ओढतो. आणि वर जे उरतं, त्याचं ऑक्टेनही घसरलेलं असतं, कारण ते वर नेण्यात इथेनॉलचा मोठा वाटा होता. म्हणजे पाटीवर ९५ आणि टाकीत भलतंच.

बाटली घेऊन पंपावर गेलो. मॅनेजर आधी गोड बोलला, मग आवाज चढला. "आमच्याकडे रोज एवढ्या गाड्या भरतात, एकाची तक्रार नाही. तुमच्याच गाडीला कसं झालं?" मी म्हटलं, त्या गाड्या साधं भरतात, मी प्रीमियम भरलं. त्यावर त्याने स्वतःच्या बचावासाठी जे सांगितलं, तेच माझ्यासाठी उत्तर होतं. "अहो साहेब, हे महागाचं इथं घेतंय कोण? तुमच्यासारखं एखादं गिऱ्हाईक. त्याचा टँकर कधी आला होता, आमच्याच ध्यानात नाही!"

आता बोला. वेगळी भूमिगत टाकी, तिला गिऱ्हाईक नाही, वर सातारा-सांगलीचा पावसाळा. झाकणातून, पाइपातून ओल शिरायला महिनेच्या महिने मोकळे. साध्या पेट्रोलची टाकी रोज रिकामी होते नि भरते, म्हणून तिथे तक्रार नाही. प्रीमियमचं मात्र माठातल्या शिळ्या पाण्यासारखं झालं होतं. माझ्या बाटलीबद्दल तो शेवटी एवढंच म्हणाला, "ही तुम्ही घरी भरून आणली नाही कशावरून?"

या सगळ्यातून शिकलो ते टर्बो गाडी चालवणाऱ्या बाकीच्यांसाठी लिहितो.

ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. दाबाखाली पेट्रोल ठिणगीच्या आधीच आपोआप पेटू नये, ही त्याची सहनशक्ती म्हणजे ऑक्टेन. टर्बो इंजिनात हवा आधीच दाबून भरलेली असते, म्हणून त्याला ही सहनशक्ती जास्त लागते. ती कमी पडली की नॉकिंग होतं. आजच्या गाड्यांत नॉक सेन्सर असतो, तो ओळखतो आणि कॉम्प्युटर ठिणगी उशिरा टाकायला लागतो. इंजिन वाचतं, पण पिकअप मरतो आणि पेट्रोल जास्त जातं. म्हणून स्टिकरवरचा किमान आकडा पाळायचाच.

मात्र त्याच्या वर जाऊन फारसं काही हाती लागत नाही. इंडियन ऑइलने एक्सपी १०० हे पेट्रोल १ डिसेंबर २०२० ला दहा शहरांत आणलं, त्यात पुणे होतं, आणि दिल्लीत त्याचा भाव लिटरला १६० रुपये ठेवला होता. ९५ साठी बेतलेल्या इंजिनात ते टाकून खिसा हलका होईल, गाडी फारशी नाही. त्याचा एक खरा फायदा असा की त्यात इथेनॉल नाही. पावसाळाभर गाडी झाकून ठेवणार असाल तर शेवटची टाकी त्याची भरा, हे पटण्यासारखं आहे. रोज साताऱ्याहून कराडला जायला ते भरणं ही हौस.

रिमॅप करून घेणाऱ्या पोरांना एक सांगणं आहे. पुण्यात जाऊन शंभर ऑक्टेनचा मॅप टाकून घेता आणि मग इकडे ९५ वर गाडी ताणता. ट्यूनरला आधीच सांगा की माझ्या रोजच्या रस्त्यावर ९५ मिळतं, मॅप त्याचाच हवा. दहा हॉर्सपॉवर कमी मिळतील, पिस्टन शाबूत राहतील.

अमेरिकेतले भाचे-पुतणे "आमच्याकडे ९१ चालतं, ९३ भारी" असं सांगतात, त्याच्याने गोंधळू नका. तिकडचा आकडा वेगळ्या पद्धतीने काढतात. त्यांचं ९१ म्हणजे आपलं साधारण ९५.

नावावर जाऊ नका, आकडा विचारा. पूर्वी प्रीमियम म्हणून विकलं जाणारं कित्येक पेट्रोल ९१ चंच असायचं, त्यात फक्त साफसफाईची रसायनं जास्त. आता तर नेमाप्रमाणे साध्या ई-२० चं ऑक्टेनही ९५ असायला हवं. मग प्रीमियमचे जादा पैसे कशाचे? मुख्यतः त्या रसायनांचे. ती इंजेक्टर साफ ठेवतात, हे खरं. पण थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनांत पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हवरून वाहतच नाही, त्यामुळे तिथली काजळी कुठल्याही महाग पेट्रोलने निघत नाही. तसं सांगणाऱ्याला नमस्कार करा आणि पुढे व्हा.

माझ्या मते योग्य प्रीमियम म्हणजे आकडा बरोबर असलेलं आणि ताजं पेट्रोल. दुसरी अट पहिलीइतकीच मोठी आहे. नोझल उचलायच्या आधी विचारा, प्रीमियमचा टँकर कधी आला? उत्तर द्यायला कुणी अडखळलं तर पुढचा पंप गाठा. आडबाजूच्या पंपावरच्या शिळ्या ९५ पेक्षा हायवेवरच्या गजबजलेल्या पंपाचं साधं ई-२० परवडलं, हे मी आता छातीठोक सांगतो.

पंपावर तुम्हाला हक्क आहेत, ते वापरा. घनता तपासून मागता येते; टँकरच्या चलनावरच्या घनतेशी तीन आकड्यांपेक्षा जास्त फरक नको. फिल्टर पेपर मागितला तर त्यांना द्यावाच लागतो. पाच लिटरच्या मापात २५ मिलिलिटरपर्यंतची चूक चालते, त्यापुढे नाही. इथेनॉल किती आहे हे घरी बघायचं तर आखणी असलेल्या काचेच्या नळकांड्यात ९० मिलिलिटर पेट्रोल आणि १० मिलिलिटर पाणी घ्या, हलवून ठेवून द्या. ई-२० असेल तर खालचा थर साधारण २८ वर येतो. हे अंगणात करा, स्वयंपाकघरात नको.

घाटात गाडी ओढायला लावू नका. यवतेश्वरचा किंवा पसरणीचा चढ वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवर, पाय पूर्ण दाबून चढणं हे टर्बो इंजिनाला सगळ्यात वाईट. उंचीवर हवा विरळ होते म्हणून साध्या इंजिनाची ऑक्टेनची गरज कमी होते, पण टर्बो ती तूट भरून काढतो, त्यामुळे ही सूट आपल्याला नाही. गिअर खाली टाका. बाकी टायरमधली हवा, वेळेवर ऑइल, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

ऑक्टेन बूस्टरच्या बाटल्या घेऊ नका. मला तीन जणांनी सुचवल्या होत्या. त्यांपैकी एकाच्याही गाडीला टर्बो नाही.

मायलेज घटलं म्हणून लगेच भेसळीचा संशय घेऊ नका. पेट्रोलियम मंत्रालयानेच २०२५ च्या ऑगस्टमध्ये मान्य केलं की ई-२० साठी न बेतलेल्या गाड्यांत तीन ते सहा टक्के घट होऊ शकते. त्याहून जास्त घटलं तर मात्र शोधा.

आणि भांडायची वेळ आलीच तर कागद आधी तयार ठेवा. पावती, त्यावरची वेळ, नोझलचा आणि फळ्यावरच्या घनतेचा फोटो. तक्रारवहीत लिहा; वही नाही म्हणाले तर तेही मोबाइलवर टिपून घ्या. तेल कंपनीच्या अधिकाऱ्याचा नंबर पंपावर लावलेला असतो, जिल्हा पुरवठा कार्यालय आहे, १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. आपली बाटली कुणी पुरावा म्हणून धरत नाही. नमुना अधिकाऱ्यांसमोर सीलबंद व्हावा लागतो, म्हणून तक्रार त्याच दिवशी करा. ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीही नाही. सर्व्हिस सेंटरकडून "वॉरंटीत बसत नाही" हे तोंडी कधीही ऐकून घेऊ नका. लेखी मागा. लेखी म्हटलं की माणसं विचार करून बोलायला लागतात.

टाकी उतरवून धुतली, ताजं पेट्रोल भरलं, इंजेक्टर साफ केले, आणि त्याच मॅन्युअलची, त्याच ई-२० वरची गाडी पहिल्यासारखी पळायला लागली. खर्च सगळा माझा. त्या पंपावरच्या प्रीमियमच्या नोझलला काही दिवसांनी प्लास्टिकची पिशवी बांधलेली दिसली. कुणी काही बोललं नाही. सर्व्हिस सेंटरमधून मात्र फोन येतो, "सर, आमच्या सेवेला पाचपैकी पाच द्याल ना?" मी सांगितलं, आधी ई-१० मिळणाऱ्या पंपाचा पत्ता द्या, मग आकड्याचं बघू.