दाराच्या आवाजावर गाडी घेऊ नका

दहा-बारा लाखांत चालवायला मजा येईल अशी छोटी गाडी शोधणारा माणूस शोरूममध्ये हमखास दोन गोष्टी करतो. दार उघडून जोरात लावतो आणि ‘धप्प’ आवाज आला की मान डोलावतो. मग सेल्समनला विचारतो, ‘बीएचपी किती?’ या दोन उत्तरांवर निम्मा सौदा ठरतो. खरं तर गाडी चालवायला कशी आहे आणि बांधणीला किती पक्की आहे, याबद्दल या दोन्ही गोष्टी फार थोडं सांगतात. माझ्या भाच्याच्या गाडीने आमच्या घराला हे नीट शिकवलं, म्हणून हे लिहितो आहे.

भाच्याने एक जुनी टर्बो पेट्रोल हॅचबॅक घेतली. गाडीचं आणि विकणाऱ्याचं नाव इथे घेत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हताच. गाडी दिसायला देखणी होती, रंग चकचकीत, सर्व्हिसची कागदपत्रं जागच्या जागी. विकणाऱ्याने बायपासवर मोकळ्या रस्त्याला चालवून दाखवली, तेव्हा पाठ सीटला टेकली आणि पोराचं मन तिथेच बसलं. नंतर चिपळूणच्या लग्नाहून परतताना कुंभार्ली घाटात आम्ही चौघं गाडीत होतो. एका चढाच्या वळणावर समोरून एसटी येत होती, पुढे उसाचा रिकामा ट्रॅक्टर रेंगाळत होता. एसटी गेली, भाच्याने गिअर उतरवून अ‍ॅक्सिलरेटर दाबला, आणि बॉनेटखालून ‘फुस्स’ असा आवाज आला. इंजिनचा दिवा लागला, गाडीतली ताकदच गेली. ट्रॅक्टरच्या बरोबरीला येऊन आम्ही चढावर अडकलो. ट्रॅक्टरवाला समंजस होता, त्याने ब्रेक मारून आम्हाला आत घेतलं. माझी ताई मागच्या सीटवर पुढचा अर्धा तास एक शब्द बोलली नाही.

पाटणच्या गॅरेजात गाडी उघडली तेव्हा गोष्ट स्पष्ट झाली. टर्बोकडून इंटरकूलरकडे जाणारा रबरी पाइप निसटला होता. त्यावर कंपनीची स्प्रिंगची क्लिप नव्हती. स्क्रूने आवळायची बाजारातली पट्टी होती आणि तिच्या स्क्रूच्या डोक्याची खाच पार झिजली होती, म्हणजे तो पाइप अनेकदा काढला-घातला गेला होता. एअर फिल्टरच्या डब्याचे दोन स्क्रू गायब. क्लच प्लेट जळत आलेली. मेकॅनिकने मान वर न करता सांगितलं, ‘रीमॅप केलेली होती, विकताना परत स्टॉक केलीय.’ आधीच्या मालकाने इंजिनच्या कॉम्प्युटरमधली सेटिंग बदलून जास्त दाब, जास्त टॉर्क काढून घेतला होता, आणि गाडी विकायच्या आधी जुनी सेटिंग परत घातली होती. सेटिंग परत घालता येते, जळलेला क्लच परत येत नाही.

आता कोणती गाडी घ्यावी याबद्दल बोलू, कारण बहुतेकांचा पहिला प्रश्न तोच असतो.

आपल्याकडे छोट्या गाडीला करात सवलत मिळते ती दोन अटींवर: लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत. परवडणाऱ्या मजेदार गाड्यांची सगळी कहाणी या अटींनी घडवली आहे. रांजणगावात बनलेली फियाटची पुंटो अबार्थ २०१५ साली आली, १.४ लिटरचं इंजिन, १४५ पीएस ताकद, २१२ न्यूटन-मीटर टॉर्क. लांबी चार मीटरच्या आत असूनही इंजिन मोठं, म्हणून करातली सवलत नाही, आणि तरी किंमत दहा लाखांच्या आत ठेवली होती. चाकणला बनलेल्या पोलोची जीटी टीएसआय २०१३ ची: १.२ लिटर, १०५ पीएस, सात गिअरचा ड्युअल क्लच. २०२० नंतर तिच्यात तीन सिलिंडरचं एक लिटरचं इंजिन आलं, ११० पीएस. टाटा आणि कोइम्बतूरच्या जयेमने मिळून २०१८ मध्ये टियागो जेटीपी काढली होती, ११४ पीएसची, सात लाखांच्या आतली. चालवायला मोठी गंमत होती, पण फार टिकली नाही. ह्युंदाईची आय२० एन लाइन २०२१ ची, १२० पीएस. टाटाची अल्ट्रोझ रेसर २०२४ ची, तीही १२० पीएस. आणि या सगळ्यांच्या बाजूला टर्बोशिवायची साधी स्विफ्ट.

कागदावर पाहिलं तर स्विफ्ट या रांगेत बसतच नाही. मागच्या पिढीच्या स्विफ्टला अखेरीस ९० पीएस होते, २०२४ च्या नव्या तीन सिलिंडरच्या इंजिनाला ८२. पण मागच्या पिढीची स्विफ्ट वजनाला नऊशे किलोच्या आतबाहेर होती आणि पोलो टीएसआय हजाराच्या वर. हलकी गाडी वळणात लवकर शिरते, लवकर थांबते, आणि दुसऱ्या गिअरमध्ये पाय टाकल्या टाकल्या उचलते, कारण तिला टर्बो जागा व्हायची वाट पाहायची नसते. छोट्या टर्बो इंजिनाचा खरा जोर १७००-१८०० आरपीएमच्या पुढे येतो. ब्रोशरमध्ये तसं लिहिलेलंही असतं, पण ते कोणी वाचत नाही. घाटातल्या हेअरपिनवर ट्रकच्या मागे आरपीएम नेमका या आकड्याच्या खाली असतो. तिथे गिअर उतरवायला कंटाळणाऱ्याने टर्बो घेऊ नये. ज्याला गिअर खेळवायला आवडतं त्याला मात्र टर्बोचा तो मधला पट्टा, दोन हजार ते चार हजार, इतका आवडेल की तो दुसरी गाडी पाहणार नाही.

चालवण्याची मजा मात्र इंजिनापेक्षा खालच्या भागात जास्त असते. गंमत अशी की या सगळ्या गाड्यांची खालची मांडणी एकच आहे: पुढे मॅकफर्सन स्ट्रट, मागे टॉर्शन बीम. मग स्विफ्ट आणि पोलो इतक्या वेगळ्या का वाटतात? स्प्रिंग आणि शॉकअप यांचा मेळ, बुशचं रबर, सीटची बैठक, टायर आणि स्टिअरिंग. पुंटोला जुन्या पद्धतीचं हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग होतं. पार्किंगमध्ये जड, पण रस्ता कसा आहे, पुढचं चाक वाळूवर आहे की डांबरावर, हे तळहाताला कळायचं. इतक्या पैशांत तसं स्टिअरिंग मी पुन्हा पाहिलेलं नाही आणि आता कोणी देईल असंही वाटत नाही. आजच्या गाड्यांत इलेक्ट्रिक मोटर असते. शहरात सोपं, पण हाताला निरोप कमी. त्यातल्या त्यात आय२० एन लाइनचं स्टिअरिंग आणि सस्पेन्शन साध्या आय२० पेक्षा कडक केलेलं आहे, आणि ते पहिल्या वळणातच कळतं.

एक्स्प्रेस वेवर शंभरच्या वेगाने जायचं असेल तर पोलोसारखी रस्त्याला चिकटून बसणारी गाडी छोट्या गाड्यांत विरळाच. मागच्या सीटवर आई-बाबा बसणार असतील तर पोलोत त्यांचे गुडघे दुमडतील, हेही तितकंच खरं. घरातली एकमेव गाडी घेताना हा हिशोब आधी करावा. मजेसाठी घेतलेली गाडी घरच्यांना नकोशी झाली की दोन वर्षांत विकली जाते.

आता बांधणी. दाराचा आवाज दाराच्या रबरावर, कुलपावर आणि आत लावलेल्या पॅडवर ठरतो. तो जड करणं स्वस्त आहे. अपघातात माणूस वाचतो तो प्रवासी कक्षाचा सांगाडा, सीटबेल्ट आणि एअरबॅग यांच्या जोरावर. याचा सगळ्यात बोलका दाखला पोलोचाच आहे. २०१४ मध्ये अपघात-चाचण्या घेणाऱ्या ग्लोबल एनकॅपने भारतात बनलेली एअरबॅग नसलेली पोलो ताशी ६४ किलोमीटरला आपटवली, तेव्हा मोठ्या माणसांच्या सुरक्षेत तिला शून्य तारे मिळाले. ज्या गाडीला आपण सगळे ‘रणगाडा’ म्हणत होतो तीच ही. दोन एअरबॅग घातलेल्या त्याच पोलोला चार तारे मिळाले. पत्रा तोच, दार तेच. २०१८ च्या स्विफ्टला दोन तारे मिळाले आणि सांगाडा अस्थिर ठरला. २०२० च्या सुरुवातीला अल्ट्रोझला पाच मिळाले. २०२२ मध्ये आय२० ला तीन. या चाचण्यांचे नियम पुढे कडक झाले, म्हणून जुने आणि नवे तारे शेजारी ठेवून तोलू नयेत, आणि ज्या वर्षाची, ज्या व्हेरिएंटची गाडी घ्यायची तिचाच निकाल पाहावा. ऑक्टोबर २०२३ पासून आपलं भारत एनकॅप सुरू झालं आहे, त्यामुळे ही माहिती आता सहज मिळते.

बांधणीची दुसरी बाजू म्हणजे पन्नास हजार किलोमीटरनंतर गाडी किती वाजते. ती ऐकायला खराब रस्ता लागतो. शोरूमवाला जो रस्ता ठरवेल तो नाकारा. पुण्यात असाल तर कात्रजचा जुना घाट किंवा दिवे घाट, साताऱ्यात यवतेश्वर, कोल्हापूरहून गगनबावड्याकडे. नागपूर-अमरावतीकडे जवळ घाट नसला तरी उड्डाणपुलाचा चढ आणि त्याखालचा उखडलेला रस्ता भरपूर सांगतो. चौघांना बसवा, एसी लावा, गाणी बंद करा. काचा वर करून ताशी वीसने खड्ड्यांवरून न्या आणि डॅशबोर्ड, मागचा ट्रे, दाराचे पॅड ऐका. मग चाळीस ते साठच्या वेगात तिसऱ्या गिअरमध्ये चढ चढा, कारण आपण आयुष्यभर गाडी याच वेगात चालवणार आहोत. शून्य ते शंभर किती सेकंदात, हे आपल्या रस्त्यावर विचारायचं कारण पडत नाही. मागे वाहन नसताना एकदा सरळ रस्त्यावर जोरात ब्रेक दाबा: गाडी एका बाजूला ओढते का, पेडल पायाला ठाम लागतं का? ड्युअल क्लचची गाडी असेल तर ट्रॅफिकमध्ये मुंगीच्या पावलांनी चालवून पाहा. या वर्गातल्या बऱ्याच गाड्यांत तो क्लच तेलात बुडालेला नसतो, कोरडा असतो. चढावर अ‍ॅक्सिलरेटरने गाडी धरून ठेवली तर तापतो. रोज दोन तास गर्दीतून जाणाऱ्याने मॅन्युअल किंवा साधा टॉर्क कन्व्हर्टर बघावा, असं मी स्पष्ट सांगेन.

जुनी घेणार असाल तर काम वाढतं, कारण यातल्या बऱ्याच गाड्या आता जुन्याच मिळतील. पोलो २०२२ ला बंद झाली, पुंटो त्याआधीच. सौद्याआधी आपल्या गावात या गाडीवर हात बसलेला मेकॅनिक कोण आहे आणि हेडलाइट, बंपर, शॉकअप मिळायला किती दिवस लागतात, हे विचारून या. मिळत नसेल तर मोह आवरा.

गाडी बघायला सकाळी जा, आणि मालकाला आधीच सांगा की इंजिन सुरू करून ठेवू नका. थंड इंजिन सुरू होताना निळसर धूर आला तर तेल जळतं आहे. दाराच्या चौकटीवरचं रबर बोटाने सोलून काढा. खाली वेल्डिंगचे गोल ठिपके ठरावीक अंतरावर, एकसारखे दिसले पाहिजेत. कुठे ते बुजलेले, कुठे जाड पुट्टी, म्हणजे तिथून गाडी ठोकलेली. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटच्या टोकावर मातीची रेघ असेल तर गाडीत पुराचं पाणी शिरलेलं असू शकतं. कोल्हापूर-सांगलीच्या, चिपळूणच्या पुरानंतर हे बघणं सोडू नका. स्टेपनी उचलून खालचा खड्डा बघा. कोकणात राहिलेली गाडी असेल तर लिफ्टवर चढवून सबफ्रेम आणि सायलेन्सरचा गंज बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

क्लच तपासायला चौथ्या गिअरमध्ये चाळीसच्या वेगाने पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबा. आरपीएम वर पळतो आणि वेग तसाच राहतो, तर प्लेट संपली. टर्बो गाडीत पाइपांच्या क्लिपा, फिल्टरचा डबा, प्लग यांत काही बाहेरचं आहे का ते बघा, आणि मालकाला तोंडावर विचारा, रीमॅप केली होती का? उत्तरापेक्षा उत्तर द्यायला लागलेला वेळ महत्त्वाचा. तेलाच्या पावत्या मागा. छोट्या टर्बोचं आयुष्य वेळेवर बदललेल्या योग्य ग्रेडच्या तेलावर असतं आणि नेमकी तिथेच लोक काटकसर करतात.

टायरच्या बाजूवर चार आकड्यांचा शिक्का असतो. २३१९ म्हणजे २०१९ मधला तेविसावा आठवडा. नक्षी कितीही शिल्लक दिसली तरी सहा-सात वर्षांचं रबर लाकूड झालेलं असतं, आणि पावसात घाटात ते दगा देतं. चारही टायर वेगवेगळ्या कंपन्यांचे असतील तर ती गाडी कधी मन लावून सांभाळली गेली नाही. भाच्याच्या गाडीचे तसेच होते. नवा क्लच, कंपनीचा पाइप आणि चार चांगले टायर घातल्यावर तिचा स्वभाव बदलला, आणि आता तो स्वतः म्हणतो की म्युझिक सिस्टिम आणि स्पॉयलरवर उडवलेले पैसे आधी टायरवरच घालायला हवे होते. ती गाडी त्याच्याकडे अजून आहे. ताई मात्र घाटात पुढच्या सीटवर बसते आणि समोर एसटी दिसली की अजूनही डॅशबोर्ड धरते.