दाढ दुखायची थांबली म्हणजे बरी झाली काय?

सुगीच्या दिवसांत दाढ दुखू लागली की आपली माणसे लवंग धरतात, मिश्री लावतात, गोळी घेतात आणि दिवस ढकलतात. चार रात्री जागून काढल्यावर एके सकाळी ठणका आपोआप थांबतो. "बरी झाली, फादर," असे मग आनंदाने सांगतात. ह्या 'बरी झाली'विषयीच आम्हांला लिहायचे आहे. कारण पुष्कळदा त्या सकाळी दाढ बरी झालेली नसते, तिच्यातील नस मेलेली असते.

दात बाहेरून दगडासारखा दिसला तरी आत पोकळ असतो. वर कठीण कवच, त्याखाली पिवळसर थर आणि मध्ये मऊ गर. ह्या गरात रक्तवाहिन्या व नसा असतात आणि तो बारीक नळ्यांतून मुळांच्या टोकापर्यंत उतरतो. पुढच्या दाताला बहुधा एकच नळी. खालच्या पहिल्या मोठ्या दाढेला मुळे दोन, पण नळ्या बहुधा तीन. ही दाढ सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांमागे, कोणताही दात न पडता येते. म्हणून आईबाप तिला दुधाचीच समजतात आणि 'किडली तर किडू दे, पडेल' म्हणतात. ती एकदाच येते, आणि लवकर किडणाऱ्यांत तिचा नंबर पहिला.

आपण 'कीड' म्हणतो, पण आत अळी नसते. तोंडातील जंतू साखरेपासून आम्ल करतात व ते दात पोखरते. गार वा गोड लागून क्षणभर कळ येते, तोवर साध्या भरणीने भागते. चहा पिऊन झाल्यावरही कळ रेंगाळू लागली, रात्री झोपमोड करू लागली, की गर सुजला असे समजावे. बंद जागेत सूज पसरायला वाव नाही, म्हणून तो ठणका. पुढे गर मरतो, ठणका थांबतो, आणि जंतू मुळाच्या टोकातून हाडात उतरून पू करतात. कधी हिरडीवर पुळी येते.

आंब्याच्या खोडाला भिरूड कीड लागली तर आपण काय करतो? तारेच्या आकड्याने अळी ओढून काढतो, भोकात औषधाचा बोळा घालतो, ओल्या मातीने तोंड लिंपतो. रूट कॅनाल हे असेच काम. डॉक्टर एक्स-रे काढतात, इंजेक्शनने जागा बधिर करतात, दाढेला वरून छिद्र पाडतात, केसासारख्या बारीक कानशींनी नळ्या खरवडतात, औषधाने धुतात आणि गट्टापर्चाने भरून बंद करतात. गट्टापर्चा हाही मलायाकडील एका झाडाचा चीकच! एक ते तीन खेपा लागतात. फरक एवढाच, की आंबा पुन्हा साल धरतो, दात धरत नाही. म्हणून दाढेवर टोपी बसवावीच लागते. दुखणे गेले म्हणून टोपीचे पैसे वाचविणारे पुष्कळ. मग भाकरीच्या कडक पापुद्र्याने दाढ उभी चिरते आणि आधीचा खर्चही पाण्यात जातो.

नुसत्या जंतुनाशक गोळ्यांवर काम भागत नाही. मेलेल्या गरात रक्तच पोहोचत नाही, मग रक्तातून जाणारे औषध कसे पोहोचणार? ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर ठेवू नये, हिरडी भाजते. दाढ मुळापर्यंत चिरली असेल तर काढणेच बरे. त्याने नजर जात नाही, ही भीती सोडावी. पण वाचण्यासारखी दाढ स्वस्त पडते म्हणून उपटली, तर शेजारचे दात मोकळ्या जागेत कलतात.

9 फेब्रुवारीला आपण संत अपोलोनियाचे स्मरण करतो. इ. स. 249 च्या सुमारास अलेक्झांड्रियात छळ करणाऱ्यांनी तिचे दात पाडले. म्हणून दातदुखीचे लोक तिचा धावा करतात. तो जरूर करावा, आणि बेळगावची बसही धरावी. तेथे दंत महाविद्यालये आहेत. विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात, खर्च बहुधा कमी पडतो, वेळ मात्र जास्त जातो. मधुमेह असल्यास किंवा रक्त पातळ करण्याची गोळी चालू असल्यास आधी सांगावे.

पण गाल सुजून सूज जबड्याखाली उतरली, ताप भरला, तोंड उघडेना, गिळताना वा श्वास घेताना त्रास होऊ लागला, तर सकाळची वाट पाहू नये. शेक देत बसू नये. त्याच रात्री गाडी करून मोठ्या इस्पितळात न्यावे. अशा सुजेने जीवही जातो.