वीट, रबर आणि भूकंप



२१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहाच्या सुमारास हिंगोली जिल्ह्यात भूकंप झाला. त्याचे रिश्टर मापन ४.५ होते. परभणी आणि नांदेडकडेही भांडी खडखडली, माणसे घराबाहेर आली. त्याच वर्षी १० जुलैला तेवढाच मोठा धक्का पुन्हा बसला. हिंगोली १ मे १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्याचाच भाग होता. तेव्हा हा भूकंप आपल्या घरचाच म्हणावयाचा. असा धक्का बसला, की दोन प्रश्न हमखास विचारले जातात. जमीन एकाएकी का हलते? आणि पुढचा धक्का केव्हा बसेल, हे का सांगता येत नाही? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी एक सोपा प्रयोग करू या.

एक वीट, एक शहाबादी फरशी, सायकलच्या जुन्या ट्यूबची बोटभर रुंदीची लांब पट्टी, दोरी आणि फूटपट्टी एवढे साहित्य घ्या. विटेला दोरी बांधा व दोरीला रबराची पट्टी जोडा. आता पट्टीचे मोकळे टोक अगदी सावकाश, एकाच गतीने ओढा. वीट लगेच हलत नाही. रबर ताणत जाते, आणि मग वीट एकदम पुढे सरकून थांबते. ओढत राहिलात तर पुन्हा तेच घडते. तुमचा हात एकसारखा चालला आहे, वीट मात्र थांबत-थांबत उड्या घेत आहे.

असे का होते? स्थिर वस्तू हलवण्यास जेवढे बल लागते, त्यापेक्षा ती सरकत असताना कमी बल पुरते. म्हणजे स्थितिक घर्षण जास्त, गतिक घर्षण कमी. वीट सुटताच घर्षण उतरते. रबरात साठलेली ऊर्जा मोकळी होते आणि विटेला पुढे फेकते.

पृथ्वीच्या कवचात खडकांना लांबच लांब भेगा असतात. ज्या भेगेच्या दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांवरून सरकतात, तिला प्रस्तरभंग म्हणतात. येथे वीट म्हणजे प्रस्तरभंगाची एक बाजू आणि रबर म्हणजे भोवतालचा खडक. खडकही रबराप्रमाणे ताणतो, फक्त अत्यंत थोडा. त्याला ओढणारा हात वर्षाला काही सेंटिमीटर, आपल्याकडे तर त्याहूनही पुष्कळ कमी वेगाने चालतो. म्हणून दोन उड्यांच्या मध्ये शतकेही जातात.

ही केवळ उपमा नाही. १९६६ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये ब्रेस आणि बायर्ली या शास्त्रज्ञांनी ग्रॅनाइटचे तुकडे प्रचंड दाबाखाली एकमेकांवर सरकवून पाहिले. खडक आपल्या विटेप्रमाणेच अडकत आणि घसरत होता. उथळ भूकंप असेच होत असावेत, असे त्यांनी मांडले. पुढे १९७८ साली बायर्लीने अनेक खडकांवरील मापने एकत्र केली. सुमारे दोन हजार वातावरणांच्या दाबापर्यंत घर्षण गुणांक ०.८५ च्या आसपास येतो आणि खडक कोणता, याने फारसा फरक पडत नाही, असे त्यातून दिसले.

अपवाद मात्र आहे, आणि तो परभणीकरांच्या पायाखालीच आहे. पावसाळ्यात आपल्या काळ्या रानातून चालताना पाय का घसरतो? या मातीत मॉन्टमोरिलोनाइट गटाची चिकणमाती असते. तिच्या पातळ थरांमध्ये पाणी शिरते. अशा ओल्या मातीचा घर्षण गुणांक खडकाच्या एक-तृतीयांशाहूनही कमी भरतो. कॅलिफोर्नियातील सॅन अँड्रियास प्रस्तरभंगात खोल छिद्र घेतले, तेव्हा त्याच्या एका भागात याच कुळातील चिकणमाती सापडली. तो भाग न अडकता हळूहळू सरकत राहतो. पण यावरून 'काळी माती आपल्याला भूकंपापासून वाचवील' असे समजू नका. आपली माती वरच्या काही मीटरांतच आहे. भूकंप काही किलोमीटर खाली, कठीण खडकात होतो.

आता पाण्याचे दुसरे काम पाहा. भेगेतील पाण्याचा दाब दोन्ही बाजूंना दूर ढकलतो. त्यामुळे त्यांना आवळून धरणारा दाब घटतो आणि घर्षणही घटते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला ६.३ मापनाचा भूकंप झाला. १०३ मीटर उंचीच्या धरणात १९६२ पासून पाणी साठू लागले होते. मग भूकंप पाण्याने घडवला काय? हिशेब करा. शंभर मीटर पाण्याचा दाब सुमारे १० वातावरणे होतो. पाच किलोमीटर खोलीवर खडकाच्या वजनाचा दाब मात्र सुमारे १,३५० वातावरणे असतो. एवढ्याशा भराने प्रस्तरभंग सुटला, याचा अर्थ तो आधीच सुटण्याच्या बेतात होता. ऊर्जा खडकात साठलेली होती, पाण्याने निमित्त पुरवले. हेच नीट तपासण्यासाठी कोयना भागात गोठणे येथे ३ किलोमीटर खोल छिद्र घेण्यात आले. सुमारे सव्वा किलोमीटर बेसाल्ट ओलांडून ते खालच्या ग्रॅनाइटी खडकात पोहोचले. कराडच्या प्रयोगशाळेत या खडकांचा अभ्यास चालतो.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. विटेचा प्रयोग वीस वेळा करा आणि प्रत्येक उडीपूर्वी रबर किती ताणले, ते वहीत मांडा. आकडे सारखे येणार नाहीत. फरशी सगळीकडे सारखी खडबडीत नसते. शिवाय वीट जितका वेळ एका जागी राहते, तितके तिचे स्थितिक घर्षण किंचित वाढते. डीटरिच या शास्त्रज्ञाने १९७२ साली खडकांमध्ये हे मोजून दाखवले. डोळ्यांसमोरच्या विटेची पुढची उडी आपल्याला नेमकी सांगता येत नाही. मग न दिसणाऱ्या, किलोमीटर लांबीच्या प्रस्तरभंगाची तारीख कोण सांगणार? म्हणून 'अमुक रात्री भूकंप होणार' अशी अफवा आली, तर ही वही पुढे करा.

तारीख कळत नसली, तरी तयारी करता येते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत हजारो माणसे गेली. त्यांतील बहुतेक दगडमातीच्या जड भिंतींखाली सापडली. मातीत रचलेल्या गोल दगडांमध्ये एकमेकांना धरून ठेवणारे घर्षण फार थोडे असते. तुमच्या गावात अशी किती घरे आहेत? कोणत्या भिंतीत आडवे, आरपार बांधदगड आहेत? शिक्षकांसोबत एक फेरी मारा आणि त्याच वहीत त्याची नोंद करा.