विहीर खणत खणत पृथ्वीच्या पलीकडे निघालो तर...?



गेल्या चैत्रात आमची विहीर आटली. आप्पांनी यारी लावून तळ खोल करायला घेतला. मुरूम संपून काळा कातळ लागला होता. मी काठावरून विचारलं, "आप्पा, असंच खणत गेलो तर कुठं निघू?" यारीवरच्या मामांना हसून हसून ठसका लागला. आबा म्हणाले, "पाताळात निघशील, लेका!"

दुसऱ्या दिवशी मी तोच प्रश्न वर्गात विचारला. गुरुजी हसले नाहीत. म्हणाले, "प्रश्न वेडा असला तरी हिशोब शहाणा असतो. मांड फळ्यावर."

पृथ्वीचा व्यास सुमारे 12,742 किलोमीटर आहे. रोज 1 मीटर खणले तर 1 कोटी 27 लाख 42 हजार दिवस लागतील, म्हणजे जवळजवळ 35 हजार वर्षे! हे ऐकून आबा म्हणाले, "तोवर भाकरी कोण पोचवणार?"

आता निघणार कुठे? महाराष्ट्र साधारण 19 अंश उत्तर अक्षांश आणि 75 अंश पूर्व रेखांशावर आहे. त्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला 19 दक्षिण आणि 105 पश्चिम येते. पृथ्वीगोलावर बोट ठेवले, तर तिथे पॅसिफिक महासागर! म्हणजे पाण्यासाठी खणलेली विहीर शेवटी समुद्रात, आणि तेही पाणी खारट.

समजा, विहीर झालीच, आत हवा नाही आणि उष्णताही नाही. त्यात उडी मारली तर पलीकडच्या तोंडाशी पोचायला सुमारे 40 मिनिटे लागतील. आमच्या एस.टी.ला तालुक्याला जायला याहून जास्त वेळ लागतो! पण पलीकडे कुणी हात धरला नाही, तर झोक्यासारखे परत यावे लागेल. मध्यावर तर आपले वजन शून्य होईल.

खरे मात्र वेगळे आहे. मध्यावरची उष्णता 5,000 अंश सेल्सिअसहून जास्त आहे. सोव्हिएत रशियात कोला येथे 1970 साली शास्त्रज्ञांनी वीतभर रुंदीचे भोक पाडायला घेतले. 1989 पर्यंत ते 12,262 मीटर खोल गेले. तिथे 180 अंश उष्णता लागली आणि पुढे जाता येईना. पृथ्वी 1 मीटर रुंदीचा चेंडू मानली, तर हे भोक जेमतेम 1 मिलिमीटर खोल!

आपल्याकडेही असे भोक आहे. 1967 साली कोयनेला मोठा भूकंप झाला. तिथले भूकंप का होतात हे शोधण्यासाठी कोयना भागात गोठणे येथे 3 किलोमीटर खोल छिद्र घेतले. वरचा सुमारे सव्वा किलोमीटर आपला काळा कातळ आणि त्याखाली ग्रॅनाइट.

हे ऐकून मला आमची विहीर आठवली. मी विचारलं, "गुरुजी, मग जितकं खोल जाऊ तितकं पाणी जास्त ना?"

गुरुजी म्हणाले, "तसं नाही. काळ्या कातळात पाणी राहतं ते वरच्या मुरमात, झिजलेल्या दगडात आणि भेगांत. अखंड कातळात पाणी कुठं मावणार? वरून मुरलंच नाही, तर खालून येणार कुठून?"

घरी आलो तर आप्पा उसने पैसे काढून आणखी दहा हात खाली जायचं म्हणत होते. मी भीत भीत सगळं सांगितलं. आप्पा काही बोलले नाहीत. रात्री आबाच म्हणाले, "दोनदा खोल केली, दोनदा आटली. पोरगं म्हणतंय ते खोटं नाही. आधी वरच्या रानात बांध घालू, पाणी मुरू दे."

ज्येष्ठात आम्ही सगळ्यांनी मिळून तीन बांध घातले. मी पाट्या उचलल्या. पाऊस झाला. आता विहिरीत पुरुषभर पाणी आहे, पण खरी परीक्षा येत्या चैत्रात. काय झालं ते तेव्हाच्या अंकात लिहीन.

मित्रांनो, तुमची विहीर किती हात खोल आहे आणि कोणत्या महिन्यात आटते, हे घरी विचारून खालच्या कागदावर लिहा. गावाचा तक्ता करू. आणि वेडे प्रश्न जरूर विचारा. हसणारे हसू देत.

– इयत्ता सातवीचा एक विद्यार्थी